शिंप्याची कात्री आणि कंपन्यांचा कपडा

आपल्या बाजारात कंपन्यांविषयी दोन मते ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो, कंपन्यांनी कारागिराला खाल्ले. दुसरा म्हणतो, कंपन्या आल्या म्हणून गरिबाच्या अंगावर धड कपडा आला, नाहीतर ठिगळातच जन्म गेला असता. चहाच्या हॉटेलात हा वाद रंगतो, चहा संपतो आणि जो तो आपापल्या दुकानाकडे जातो. वाद मात्र तेथेच राहतो, कारण दोन्ही बाजू "कंपनी" हा एकच शब्द वापरतात. वास्तविक कंपनी-कंपनीत फरक आहे. एखादी कंपनी कारागिराच्या हातात हत्यार देते, दुसरी अर्धवट माल देऊन उरलेले काम त्याच्याकडे सोपवते, तर तिसरी पूर्ण तयार माल थेट गिऱ्हाईकाच्या घरी पोहोचवते आणि कारागिराला मधून वगळते. या तिघींना एकाच काट्याने तोलणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यात आपले नुकसानही आहे. कोणाशी हात मिळवावा आणि कोणापासून सावध राहावे, हे त्यामुळे कळेनासे होते.

हा फरक नीट पाहायचा असेल तर शिवणकामाच्या धंद्यासारखे दुसरे उदाहरण नाही. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, कळंब, परंडा अशा गावांतून आपल्या समाजातील कितीतरी घरे या धंद्यावर उभी राहिली. आज त्याच घरांतील मुले कात्रीकडे पाहायला तयार नाहीत. हे का झाले, आणि अजून काही करता येण्यासारखे आहे काय, याचा विचार या लेखात करायचा आहे.

तेरचे कापड आणि हैदराबादची शेरवानी

कापडाचा आणि या जिल्ह्याचा संबंध आजकालचा नाही. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात या गावाचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगरहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद त्यात सापडते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखाचा कपडा समुद्रापलीकडे विकला जात होता. त्या वेळी कोणतीही कंपनी नव्हती, पण विणणारा, रंगवणारा, वाहणारा आणि विकणारा अशी साखळी होती आणि त्या साखळीत येथील माणसाला जागा होती.

पुढे १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. शेरवानी हा त्या संस्थानातील प्रतिष्ठितांचा पोशाख. शेरवानी शिवणे म्हणजे पोरखेळ नव्हे. अस्तर, छातीचा भराव, गळपट्टीचा ताठपणा आणि काजांची रांग, यांपैकी एक गोष्ट बिघडली तरी सगळे काम वाया. हे काम उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे बसल्याशिवाय येत नसे. आधी सुई ओवायची, मग हातशिलाई, मग काज-बटण, आणि कात्री हातात मिळायची ती सगळ्यात शेवटी. कात्री मिळाली म्हणजे शागीर्द पास झाला.

सिंगरने हत्यार दिले

या धंद्यात पाऊल टाकणारी पहिली मोठी परदेशी कंपनी म्हणजे सिंगर. आयझॅक सिंगर याने १८५१ साली अमेरिकेत आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. यंत्र चांगले होते, पण महाग होते. तेव्हा त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ च्या सुमारास हप्त्याने विक्रीची पद्धत सुरू केली. थोडी रक्कम आधी भरायची, यंत्र घरी न्यायचे, त्यावर कमवायचे आणि कमाईतून हप्ते फेडायचे. १८७० च्या दशकात सिंगरची यंत्रे मुंबईत विकली जाऊ लागली. तेथील त्यांचे एजंट होते नसरवानजी मेरवानजी पटेल. हप्त्याची पद्धत हिंदुस्थानातही चालली आणि पायाने चालवायचे ते काळे यंत्र हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सिंगरने शर्ट विकला नाही, शर्ट शिवण्याचे साधन विकले. जो दर्जी हाताने दिवसाकाठी एक कपडा कसाबसा पुरा करी, तो आता तीन-चार कपडे शिवू लागला. धंदा त्याचा, गिऱ्हाईक त्याचे, माप त्याच्या वहीत आणि नफाही त्याच्याच खिशात. कंपनीलाही तिचा पैसा मिळाला आणि कारागिराची पतही वाढली. यंत्रांचे कडवे टीकाकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गांधीजींनीदेखील १९२४ साली या विषयावर बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. माणसाचे कष्ट हलके करणारे आणि त्याला बेकार न करणारे यंत्र त्यांना मान्य होते. हा निकष आजही कामाचा आहे.

हप्त्याचा विषय निघाला म्हणून एक शब्द. सौदा ठरतानाच पूर्ण किंमत आणि मुदत पक्की करून हप्त्याने फेडणे ही एक गोष्ट झाली, आणि हप्ता चुकला की वाढत जाणारे व्याज ही दुसरी. आपल्यापैकी अनेक जण दोन्हींना एकच समजून चांगले साधन घेण्याचे टाळतात, तर काही जण कागद न वाचता सही करून फसतात. कागद पूर्ण वाचावा, शंका असेल तर जाणकार आलिमांना विचारावे, आणि मगच सही करावी.

सिंगरच्या पाठोपाठ आपल्या देशाची उषा आली. १९३० च्या दशकात कोलकात्यात हे यंत्र तयार होऊ लागले, पुढे लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहाने तो कारखाना वाढवला. लुधियानात तर लहान-मोठ्या कारखान्यांनी शिवणयंत्रे आणि त्यांचे सुटे भाग बनवण्याची मोठी बाजारपेठच उभी केली. त्यामुळे यंत्र स्वस्त झाले आणि दुरुस्ती गावातच होऊ लागली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यंत्र घरात आले. पडद्यात राहणाऱ्या, विधवा झालेल्या, चार मुलांचे पोट भरण्याची जबाबदारी अंगावर पडलेल्या किती बायकांनी ब्लाऊज, परकर, झबली शिवून संसार सावरला, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पण प्रत्येक मोहल्ल्यात असे एक तरी घर सापडेल.

अर्धा माल कंपनीचा, अर्धे काम आपले

दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या म्हणजे कापड गिरण्या. रेमंडची गिरणी ठाण्यात १९२५ साली सुरू झाली, १९४४ मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली. रिलायन्सने १९६६ साली अहमदाबादजवळ नरोडा येथे गिरणी काढली आणि १९८० च्या दशकात 'विमल'च्या जाहिराती घराघरांत पोहोचल्या. टेरिलीन, टेरिकॉट आणि पॉलिस्टर यांनी सुती कापडाला मागे सारले. इस्त्री कमी, टिकाऊपणा जास्त, म्हणून लोकांनी ते उचलले.

सुती कापड विणणाऱ्या मोमीन आणि पद्मसाळी बांधवांना याचा फटका बसला, ही गोष्ट खरी आहे. सोलापूरच्या मोठमोठ्या गिरण्यादेखील पुढे बंद पडल्या. परंतु शिंप्याच्या दृष्टीने पाहिले तर तो भरभराटीचा काळ होता. कारण या कंपन्या पॅन्टपीस आणि शर्टपीस विकत होत्या. लग्नात आहेर म्हणून पीस द्यायची चाल मराठवाड्यात रुजली. एका लग्नात वाटलेले पन्नास पीस म्हणजे कोणत्या ना कोणत्या शिंप्याकडे येणारे पन्नास कपडे. कापड कंपनीचे, पण शिलाई आपली. ईदच्या आधी पंधराव्या रोजापासून "आता नवीन काम घेणार नाही" अशी पाटी दुकानावर लागायची आणि चांदरातीला पहाटेपर्यंत यंत्रे चालायची. एका दुकानात चार-चार कारागीर पीसवर काम करायचे, काज-बटणासाठी वेगळा माणूस असायचा, आणि फॉल-पिकोचे काम शेजारच्या घरात जायचे.

या काळातील एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने १९९५ साली 'रफ अँड टफ' या नावाने जीन्सचे पाकीट बाजारात आणले. पाकिटात डेनिमचे कापड, चेन, बटण, रिबिट आणि नावाचा चामडी बिल्ला असे सगळे सामान असे. गिऱ्हाईकाने ते घ्यायचे आणि गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्यायचे. तयार विदेशी जीन्स ज्याला परवडत नव्हती, अशा खेड्यातल्या तरुणाच्या अंगावर त्यामुळे जीन्स आली. व्यवस्थापनशास्त्राचे जाणकार सी. के. प्रल्हाद यांनीही आपल्या लिखाणात या उदाहरणाची दखल घेतली. आमच्या मते या प्रयोगाचा खरा धडा वेगळा आहे. स्वस्त माल गरिबापर्यंत नेण्यासाठी कारागिराला उडवावेच लागते असे नाही, त्याला सोबत घेऊनही मोठा धंदा करता येतो, हे एका बड्या कंपनीनेच दाखवून दिले. दुर्दैवाने हा रस्ता पुढे कोणी रुंद केला नाही.

तयार कपड्याचा पूर

तिसरा प्रकार आला तो तयार कपड्यांचा. ज्या रेमंडने पीस विकून शिंप्याला काम दिले, त्याच रेमंडने १९८६ साली 'पार्क अव्हेन्यू' हा तयार कपडा काढला. पण तो साहेबलोकांसाठी होता. मध्यमवर्गाच्या खिशाला परवडेल असा 'पीटर इंग्लंड' १९९७ मध्ये भारतात आला. २००७ मध्ये रिलायन्स ट्रेंड्स सुरू झाले. २०१६ मध्ये टाटांच्या ट्रेंट कंपनीने 'झुडिओ' काढले, जेथे बहुतेक माल हजाराच्या आतला. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या 'मीशो'ने तर दुकानाची पायरी चढण्याचीही गरज ठेवली नाही. मोबाइलवर बोट ठेवले की कपडा वाडी-वस्तीवर हजर.

हा कपडा स्वस्त कसा पडतो, हे आपल्या कारागिरांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक रचून विजेच्या कात्रीने एकदम कापतात. मापे ठराविक, त्यामुळे कापड वाया जात नाही. शिवताना एक माणूस फक्त कॉलर शिवतो, दुसरा फक्त बाही जोडतो, तिसरा फक्त खिसा. मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणारी यंत्रे असतात. कापड थेट गिरणीच्या भावाने येते, धागा-बटण गोणीने येते. याउलट आपला शिंपी किरकोळ भावाचे कापड, एकट्याने कापणे, एकट्याने शिवणे आणि वीज गेली की पायडल मारणे, अशा तऱ्हेने त्याच्याशी भावात लढायला जातो. या लढाईत तो हरणारच. त्यात त्याच्या कसबाची कमतरता नाही. फरक सगळा मांडणीचा आहे.

त्यातच रस्ते चांगले झाले. धाराशिवहून तुळजापूरमार्गे सोलापूर आता तासा-दीड तासावर आले. पूर्वी ज्या खरेदीसाठी लोक जिल्ह्याच्या गावी येत, त्या खरेदीसाठी ते आता थेट मोठ्या शहरात जातात. येताना पिशवीत तयार कपडा असतो. आपल्या बाजारात उरते ते ढिला पायजमा आखूड करणे आणि पॅन्टची कंबर सैल करणे.

स्वस्ताईची किंमत कोण मोजतो

गिऱ्हाईकाला दोष देऊन उपयोग नाही. ज्याच्या घरी चार मुले आहेत, तो शिलाईचे पैसे आणि कापडाचे पैसे यांची बेरीज करून पाहतो, आणि तितक्यात दोन तयार शर्ट येत असतील तर तेच घेतो. शेतमजुराच्या मुलाला सणाला नवा कपडा मिळाला, हे या कंपन्यांचे देणे नाकारता येणार नाही.

पण या स्वस्ताईची उरलेली किंमत कोणीतरी मोजतच असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आत अनेक कपडे-कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असतानाही कामगारांना कामावर बोलावले होते. अकराशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य तरुण मुली. जगातल्या नामांकित कंपन्यांचे कपडे तेथे शिवले जात होते. कपड्यावरच्या चिठ्ठीत भाव छापलेला असतो, हा हिशेब छापलेला नसतो.

आपल्याकडे इमारत कोसळत नाही, कसब कोसळते. उस्ताद म्हातारा होतो, शागीर्द मिळत नाही. मुलगा पुण्याला जाऊन कोणाच्या तरी गोदामात पेट्या उचलतो किंवा मोटारसायकलवरून तेच कंपनीचे पार्सल घरोघर पोहोचवतो. बापाच्या हातातली कला हे भांडवल होते, ते एका पिढीत बुडाले. बँकेतले पैसे बुडाले असते तर आपण मोर्चा काढला असता.

दोष फक्त कंपन्यांचा नाही

येथे कटू असले तरी बोलले पाहिजे. तयार कपड्याकडे गिऱ्हाईक केवळ भावासाठी गेले नाही. "परवा या," "उद्या या," "फक्त काज राहिले आहे," असे ऐकून तो कंटाळला. ईदचा कपडा ईदच्या दुसऱ्या दिवशी मिळाला, लग्नाचा कोट वरातीनंतर मिळाला, अशी उदाहरणे ज्याला त्याला ठाऊक आहेत. कापड जास्त मागायचे आणि उरलेल्या तुकड्याचा हिशेब द्यायचा नाही, ही जुनी तक्रार आहे. वायदा पाळणे हे तर आपल्या व्यापाराचे पहिले तत्त्व, आणि तेच आपण सर्वांत आधी सोडले. कंपनीचा शर्ट मापाला थोडा सैल असेल, पण तो आज मिळतो आणि भाव आधी कळतो. आपल्या दुकानात शिलाईचे दरपत्रक भिंतीवर लावलेले किती ठिकाणी दिसते?

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, जेथे कंपनी बलवान आहे तेथे तिच्याशी झुंजू नये. साधा शर्ट आणि साधी पॅन्ट यांत भावाची लढाई संपली आहे. जेथे माप महत्त्वाचे, तेथे शिंपी अजूनही राजा आहे. साडीवरचा ब्लाऊज, शेरवानी, पठाणी, बुरखा, नवरदेवाचा कोट, जाड किंवा उंच माणसाचा कपडा, म्हाताऱ्यांचा आणि अपंगांचा कपडा, यांत कारखान्याचे ठराविक माप चालत नाही. ब्लाऊज शिवणाऱ्या भगिनींकडे आजही गर्दी असते, हे त्याचेच प्रमाण आहे.

दुसरी गोष्ट गणवेशाची. सरकारी शाळांतील मुलांना मोफत गणवेश मिळतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापडाची खरेदी एकाच ठिकाणाहून केली. गणवेश वेळेवर आले नाहीत, मापे चुकली, अशा तक्रारी राज्यभर झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय बदलून २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला. या समित्यांमध्ये आपल्याच गावचे पालक असतात. गणवेशाचे काम म्हणजे एकच रंग, एकच नमुना आणि ठरलेली संख्या. असे काम चार शिंपी एकत्र येऊन सहज करू शकतात. एकाने कापायचे, दुसऱ्याने जोडायचे, तिसऱ्याने काज-बटण करायचे आणि चौथ्याने हिशेब ठेवायचा. शेजारचे सोलापूर डोळ्यांसमोर आहे. तेथे शिवणकामातूनच गणवेश आणि तयार कपड्यांचा मोठा धंदा उभा राहिला आणि त्यांचा माल दूरच्या राज्यांत जातो. त्यांनीही सुरुवात लहान खोल्यांतूनच केली.

तिसरी गोष्ट हत्याराची. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत, त्यांत शिंपी आहे, चर्मकार आहे, कुंभार आणि लोहारही आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांचा पाचशे रुपये रोज भत्ता आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद आहे. पुढे पाच टक्के व्याजाचे कर्जही आहे, पण ते घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, अवजारांची मदत त्यावर अवलंबून नाही. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी मोहल्ल्यातील भिशीचा पैसा लग्नाच्या मंडपावर उडवण्यापेक्षा एका वेगवान यंत्रासाठी लावावा. आज जुकी किंवा जॅकचे यंत्र एका दुकानाला जड जाईल, पण चौघांना जड नाही.

चौथी गोष्ट, नव्या कारखान्यांची. धाराशिवजवळच्या कौडगाव औद्योगिक वसाहतीत तांत्रिक वस्त्रोद्योगाचे केंद्र उभारण्याची चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. असा कोणताही कारखाना येवो, त्याचे स्वागत करावे, पण डोळे उघडे ठेवून. शिवणकाम जाणणाऱ्या स्थानिक माणसाला तेथे कारागीर म्हणून घेणार की हमाल म्हणून? बाहेर देता येण्यासारखे काम गावातल्या लहान दुकानांना मिळणार की नाही? मजुरी नगावर की रोजावर? हे प्रश्न कारखान्याच्या उद्घाटनाच्या फीत कापण्याआधी विचारायचे असतात. त्यासाठी आपली संघटना हवी आणि संघटनेचा माणूस कागद वाचणारा हवा.

पाचवी आणि शेवटची गोष्ट आपल्या सर्व व्यापारी वाचकांसाठी. तुम्ही कापडाचे दुकानदार असाल तर तयार कपड्याबरोबर पीसचा कप्पाही ठेवा आणि दोन चांगल्या शिंप्यांची नावे गिऱ्हाईकाला सांगा. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर वर्षातला एक कपडा तरी मोहल्ल्यातल्या दुकानात शिवून घ्या आणि मजुरीत घासाघीस करू नका. मॉलमध्ये आपण चिठ्ठीवरचा भाव मुकाट्याने देतो आणि म्हाताऱ्या उस्तादाशी मात्र वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो. ही सवय सोडली पाहिजे.

कंपन्या येतच राहणार. सिंगर आली, विमल आली, झुडिओ आली, उद्या आणखी कोणी येईल. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: ही आपल्या हाताला काम देते आहे की हातातले काम काढून नेते आहे? उत्तर पहिले असेल तर तिचे यंत्र घ्या, तिचा माल विका. उत्तर दुसरे असेल तर नुसता शाप देत बसू नका. चौघे एकत्र या, दरपत्रक लावा, वायदा पाळा, आणि पोराच्या हातात मोबाइलबरोबर टेप आणि कात्रीही द्या.